भाकर, प्याला आणि कमरेचा रुमाल

येशू ख्रिस्ताच्या मरणापूर्वीच्या शेवटच्या रात्रीचा वृत्तांत चारही शुभवर्तमानांत आला आहे. परंतु त्या रात्री भोजनाच्या वेळी जे घडले, त्यातील कोणती गोष्ट पुढच्या पिढ्यांच्या हाती सोपवावी, याविषयी चारही लेखकांनी एकसारखी निवड केलेली नाही. मत्तय, मार्क आणि लूक सांगतात की येशूने भाकर घेतली, ईश्वराचे आभार मानून ती मोडली, शिष्यांना वाटली आणि तिला आपले शरीर म्हटले. त्यानंतर द्राक्षारसाचा प्याला घेऊन त्याचा संबंध त्याने आपल्या रक्ताने होणाऱ्या कराराशी जोडला. योहानाचे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासकांच्या मते चौघांत सर्वांत शेवटी, पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिले गेले. या एका संध्याकाळसाठी ते पाच अध्याय खर्ची घालते, आणि तरीही त्या भाकरीचा व प्याल्याचा प्रसंग त्यात नाही. वाचकाला ज्या जागी तो सापडावा असे वाटते, नेमक्या त्या जागी योहान लिहितो की येशू भोजनावरून उठला, अंगावरची वरची वस्त्रे त्याने उतरवून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुऊन त्या रुमालाने तो ते पुसू लागला.

ही तफावत विस्मरणाने पडली असे मानण्यास जागा नाही. याच योहानाने आपल्या सहाव्या अध्यायात, हजारोंच्या समुदायाला भाकरी खाऊ घातल्यानंतर येशूने स्वतःला जीवनाची भाकर म्हटल्याचा विस्तृत संवाद दिला आहे. तेव्हा भाकरीचे माहात्म्य त्याला इतर तिघांहून कमी ठाऊक होते असे नाही. ज्या मंडळीसाठी तो लिहीत होता ती दर आठवड्याला एकत्र येऊन भाकर मोडीतच होती, आणि जी गोष्ट ते हातांनी करीत होते तिचा अर्थ त्यांच्या अंतःकरणात उतरावा म्हणून त्याने रुमालाची कथा सांगितली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. कॅथलिक उपासनेने या दोन वृत्तांतांत डावे-उजवे केलेले नाही. ईस्टरपूर्व पवित्र गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सेत, म्हणजे भाकर व प्याल्याच्या उपासनेत, प्रथम इस्राएल लोकांच्या वल्हांडणाचा भाग वाचला जातो, मग भाकर आणि प्याल्याविषयी संत पौलाने लिहिलेला उतारा येतो, आणि शुभवर्तमान म्हणून मात्र योहानाच्या पादक्षालनाचाच अध्याय वाचला जातो. ज्या रात्री मिस्सेची स्थापना झाली असे चर्च मानते, त्या रात्रीच्या उत्सवात शुभवर्तमानाचा मान भाकरीच्या नव्हे, पाय धुण्याच्या कथेला मिळावा, ही योजना अर्थपूर्ण आहे. आणि वेदीवर घडणारे दान व गुडघे टेकून केलेली सेवा ही एकाच कृतीची दोन रूपे आहेत, हे त्या योजनेतील सूत्र या प्रकरणात उलगडून पाहावयाचे आहे.

पादक्षालनाची कृती त्या काळी किती खालच्या पायरीची समजली जात होती, हे ध्यानात घेतल्यावाचून शिष्यांची त्या क्षणीची अवस्था कळणार नाही. पॅलेस्टाइनच्या धुळीच्या वाटांवर चपला घालून चालणाऱ्या माणसाचे पाय घरात शिरताना धुतले जाणे ही आवश्यक गोष्ट होती. पाहुण्याला पाणी देणे हा यजमानाचा धर्म, पण प्रत्यक्ष पाय धुणे हे दासाचे काम, आणि स्वजातीय दासाकडून तेही करवून घेऊ नये असे यहुदी धर्मशिक्षकांच्या परंपरेत सांगितलेले आढळते. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने अतिथींचे पाय धुण्याचे काम आपणहून पत्करल्याची कथा ज्यांच्या कानांवरून गेली आहे, त्या मराठी वाचकाला श्रेष्ठाने कनिष्ठाचे काम करण्यातील तेज निराळे समजावून सांगावे लागणार नाही. येशूच्या शिष्यांत मात्र त्या वेळी उलटाच विचार चालू होता. लूक सांगतो की त्याच भोजनाच्या वेळी आपल्यांत मोठा कोण, असा वाद त्यांच्यांत निघाला होता. अशा मंडळींसमोर गुरू स्वतः कमरेला रुमाल बांधून वाकला, तेव्हा त्यांच्यातल्या पेत्राने पाय मागे घेतले यात नवल नाही. मी तुला धुतले नाही तर तुला माझ्यात वाटा राहणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. ज्याने थोड्याच वेळात येशूला शत्रूच्या हवाली केले तो यहूदा इस्कर्योतही त्या पंगतीत होता, आणि योहानाच्या वृत्तांताप्रमाणे पाय धुतले जात असताना तो अद्याप उठून गेलेला नव्हता. म्हणजे सेवा करताना येशूने पात्रापात्रतेचा हिशेब केला नाही.

आता मिस्सेकडे वळू. तिची मांडणी बाहेरून पाहणाऱ्याला कितीही गुंतागुंतीची वाटली, तरी तिचे मूळ अंग सरळ आहे. आरंभी जमलेले लोक आपल्या पापांची कबुली देतात. मग बायबलमधील वाचने होतात, त्यांवर धर्मगुरू प्रवचन करतात, आणि चर्चसाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी व दुःखितांसाठी सर्वांच्या वतीने प्रार्थना केली जाते. त्यानंतर भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणला जातो. रोमन पद्धतीत ही भाकर गव्हाचे पीठ आणि पाणी यांखेरीज काहीही न घालता केलेली, बेखमीर, पातळ अशी असते. पौर्वात्य विधींच्या अनेक चर्चमध्ये मात्र खमीर घातलेली भाकर वापरतात. द्राक्षारसात धर्मगुरू पाण्याचे थोडे थेंब घालतात. या दानांवर जी प्रार्थना म्हटली जाते, तिच्यात भूमीच्या उपजेबरोबर मानवी श्रमाचाही उल्लेख आहे. नांगरणाऱ्याचा, कापणाऱ्याचा, दळणाऱ्याचा घाम त्या चिमूटभर पिठाबरोबर वेदीवर येतो, ही कल्पना त्यामागे आहे. मग आभाराची प्रदीर्घ प्रार्थना होते, तिच्या मध्यभागी शेवटच्या भोजनातील ख्रिस्ताची वचने उच्चारली जातात, आणि जमलेले लोक आमेन म्हणून तिला आपली संमती देतात. पुढे प्रभूची प्रार्थना, परस्परांना शांतीचे अभिवादन, भाकर मोडणे, तिचे सेवन, आणि अखेरीस लोकांना आपापल्या जीवनाकडे पाठवणे असा क्रम आहे.

या मध्यवर्ती भागाविषयी कॅथलिक चर्चची श्रद्धा अशी की, वचनोच्चारानंतर भाकरीचा रंग, आकार आणि चव पूर्ववत राहिली, तरी तिचे मूळ सत्त्व पालटते आणि तिच्या रूपाने ख्रिस्त स्वतः उपस्थित होतो. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने या सत्त्वपालटाची परिभाषा स्वीकारली. १२६४ साली पोप अर्बन चौथे यांनी ख्रिस्तशरीराचा सण सर्व चर्चसाठी फर्मावला. आणि प्रॉटेस्टंट सुधारकांशी झालेल्या मतभेदांनंतर १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने या शिकवणुकीचा सविस्तर पुनरुच्चार केला. या सिद्धांताची तात्त्विक चर्चा शतकानुशतके होत आली आहे आणि तिचा तपशील हा एका स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. आपल्या विवेचनाला आवश्यक असा त्याचा निष्कर्ष मात्र थोडक्यात सांगता येतो. ज्याला विश्वाचा स्वामी मानले तो खाद्यवस्तूच्या रूपाने माणसाच्या तळहातावर येतो, चावला जातो, आणि खाणाऱ्याच्या देहात मिसळून जातो, यापेक्षा अधिक खाली उतरणे कल्पनेत येत नाही. असिसीच्या फ्रान्सिसने आपल्या संघाला लिहिलेल्या पत्रात ईश्वराच्या या नम्रतेचेच आश्चर्य केले होते. शिष्यांच्या पायांशी वाकणे आणि भाकरीच्या रूपात स्वतःला मोडू देणे यांची दिशा एकच आहे, आणि हे ज्याला उमगले त्याला योहानाने एका प्रसंगाच्या जागी दुसरा का ठेवला याचा उलगडा होण्यास अडचण पडू नये.

आरंभीच्या मंडळ्यांना हा संबंध सहज कळला असे मात्र नाही. शेवटच्या भोजनाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना लेखी वृत्तांत शुभवर्तमानांतला नसून पौलाने करिंथ येथील मंडळीला इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात लिहिलेल्या पत्रातला आहे; आणि हा वृत्तांत त्याने लिहिला तो एका तक्रारीच्या निमित्ताने. करिंथच्या श्रद्धावंतांचे भोजन त्या काळी प्रभुभोजनाशी जोडलेले असे. सुखवस्तू लोक आपापले अन्न घेऊन बसत व इतरांची वाट न पाहता खाऊन घेत. परिणामी कोणी भुकेला राही तर कोणी प्यायलेला असे. पौलाने त्यांना स्पष्ट शब्दांत बजावले की असे जेवण हे प्रभूचे भोजन नव्हेच, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवणे म्हणजे देवाच्या मंडळीला तुच्छ लेखणे होय. त्यांची चूक त्यांच्या पदरात घालण्यासाठीच त्याने त्या रात्रीची हकिकत पुन्हा सांगितली. ज्या वचनांवर पुढे एवढी मोठी उपासनापद्धती उभी राहिली, त्यांचा पहिला लेखी दाखला उपाशी माणसाची कड घेणाऱ्या पत्रात सापडतो, ही गोष्ट ख्रिस्ती इतिहासकाराने कधीही नजरेआड करू नये.

पुढे सुमारे शंभर वर्षांनी, म्हणजे इ.स. १५५च्या आसपास, जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने रोमन सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती लोकांची कैफियत लिहिली. तिच्यात रविवारच्या उपासनेचे जे वर्णन आहे, ते आजच्या मिस्सेशी इतके जुळते की वाचणाऱ्याला अचंबा वाटावा: वाचन, उपदेश, उभे राहून प्रार्थना, भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस, आभारप्रार्थना, लोकांचे आमेन, वाटप, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवकांमार्फत वाटा पाठवणे. पण वर्णन एवढ्यावर संपत नाही. ऐपतदार लोक स्वेच्छेने जे देतात ते अध्यक्षापाशी जमा होते, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावचे आलेले निराश्रित यांचा सांभाळ होतो, असेही जस्टिनने त्याच ओघात नमूद केले आहे. उपासनेचा भाग कोठे संपला आणि सेवेचा कोठे सुरू झाला, अशी सीमारेषा त्याने ओढलेली नाही. त्याच्या दृष्टीने रविवारची ती एकच हकिकत होती. चौथ्या शतकात चर्चला राजाश्रय मिळाला, वेद्या सोन्यारुप्याने मढू लागल्या, तेव्हा ही सीमारेषा पडू लागली आणि तिच्याविरुद्ध जॉन क्रिसोस्टम या प्रख्यात वक्त्याने अत्यंत प्रखर भाषेत आवाज उठवला. ख्रिस्ताच्या शरीराला मंदिरात रेशमी वस्त्रांचा मान द्यावा आणि दाराबाहेर थंडीने काकडणाऱ्या त्याच ख्रिस्ताकडे पाठ फिरवावी, हे त्याला सहन होत नव्हते. आधी भुकेल्याला जेवू घालावे आणि उरेल त्यातून वेदी सजवावी, असा त्याच्या उपदेशाचा आशय होता.

वेदी आणि सेवा यांची सांगड केवळ उपदेशाने टिकत नाही. तिला दैनंदिन शिस्तीची जोड लागते, आणि ती शिस्त सहाव्या शतकात इटलीतील बेनेडिक्टने आपल्या मठासाठी तयार केलेल्या नियमावलीत सापडते. या ७३ प्रकरणांच्या नियमावलीत स्वयंपाकघराचा कारभार हा अध्यात्माचाच भाग म्हणून आला आहे. मठवासीयांनी आळीपाळीने एकेक आठवडा स्वयंपाक आणि वाढपाचे काम करावे. ज्याचा आठवडा संपतो त्याने हातपाय पुसण्याचे रुमाल धुऊन ठेवावेत. आणि संपणाऱ्या व सुरू होणाऱ्या आठवड्याच्या अशा दोन्ही सेवकांनी मिळून सर्वांचे पाय धुवावेत, असा नियम आहे. पाहुण्यांचे पाय मठाधिपतीने आणि सर्व संघाने धुवावेत, असेही सांगितले आहे. कोठाराच्या अधिकाऱ्याला बेनेडिक्टने जो हुकूम दिला तो तर फार मोलाचा आहे: मठातील सर्व भांडीकुंडी आणि मालमत्ता यांच्याकडे त्याने वेदीवरील पवित्र पात्रे समजूनच पाहावे. मिस्सेतील पेला आणि स्वयंपाकघरातील पातेले यांना एकाच आदराच्या कक्षेत आणणारे हे वाक्य ज्या संघाने पिढ्यानुपिढ्या पाळले, त्या संघाने युरोपात शेती, पाणपुरवठा, ग्रंथलेखन आणि रुग्णसेवा यांत जे कर्तृत्व गाजवले त्याचे मूळ याच दृष्टीत होते असे मला निःशंकपणे वाटते.

पवित्र गुरुवारच्या पादक्षालन विधीचा प्रवास मात्र इतका सरळ झाला नाही. ६९४ साली स्पेनमधील टोलेडोच्या सतराव्या परिषदेने हा विधी त्या दिवशी अवश्य व्हावा असे फर्मावले. पुढे मठांत, मोठ्या धर्मपीठांत आणि राजदरबारांत तो रूढ झाला. फ्रान्सचा राजा नववा लुई गरिबांचे पाय धुण्याबद्दल प्रसिद्ध होता, आणि इंग्लंड, स्पेन व ऑस्ट्रियाच्या राजघराण्यांतही ही प्रथा चालत आली. परंतु जे दरबारात गेले त्याला दरबारी वळण लागणारच. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीतील एका वर्णनात गरीब स्त्रियांचे पाय राणीपुढे येण्याआधी परटीण आणि दानाध्यक्ष यांनी क्रमाने धुऊन ठेवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे राणीच्या वाट्याला धुतलेले पायच येत. सामान्य गावातील चर्चमध्ये तर हा विधी फारसा होतच नसे, आणि प्रभुभोजनाची ती मिस्सासुद्धा अनेक शतके सकाळी उरकली जात असे. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाच्या विधींची पुनर्रचना केली, मिस्सा पुन्हा सायंकाळी आणली, आणि पादक्षालन मिस्सेच्या आत, प्रवचनानंतर, सर्व लोकांच्या डोळ्यांसमोर करण्याची मुभा दिली. या सुधारणेमुळे खेड्यातल्या श्रद्धावंतालाही प्रथमच आपल्या धर्मगुरूला वरचे उत्सवी वस्त्र उतरवून, गुडघे टेकून पाय धुताना पाहता आले. एरवी मिस्सेत धर्मगुरू केवळ स्वतःची बोटे धुतात. या एका संध्याकाळी ते दुसऱ्यांचे पाय धुतात.

या विधीसाठी निवडायच्या व्यक्ती पुरुषच असाव्यात असा नियम पूर्वी होता. पोप फ्रान्सिस यांनी पदावर आल्यानंतर पंधरवड्याच्या आतच, २८ मार्च २०१३ रोजी, रोममधील कासाल देल मार्मो या अल्पवयीन बंदिवानांच्या तुरुंगात जाऊन बारा तरुणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि मुसलमानही होते. जानेवारी २०१६मध्ये व्हॅटिकनच्या उपासनाविषयक खात्याने रीतसर आदेश काढून स्त्रिया, वृद्ध, तरुण, आजारी अशा सर्व थरांतील श्रद्धावंतांना या विधीत स्थान दिले. त्याच सायंकाळच्या मिस्सेत भाकर आणि द्राक्षारसाबरोबर गरिबांसाठी आणलेल्या वस्तूही मिरवणुकीने वेदीकडे नेता येतात, अशीही तरतूद रोमन मिस्साग्रंथात आहे. जस्टिनच्या काळी जी गोष्ट दर रविवारची होती तिची खूण या तरतुदीने जिवंत ठेवली आहे.

आपल्या किनाऱ्यावर या परंपरेला काय फळ आले, हे पाहण्यासाठी गोव्याच्या एका सुपुत्राचे चरित्र विस्ताराने पाहणे योग्य होईल. फादर टॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले, तेव्हापासून ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत गायली जात होती. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १६५१ साली, सासष्टीतील बाणावली गावी जोसेफ वाझ यांचा जन्म झाला. १६७६ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, आणि पुढे गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंच्या एका लहानशा संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. त्या सुमारास श्रीलंकेचा किनारा डच कंपनीच्या अंमलाखाली गेला होता. १६५८ साली जाफना पडल्यानंतर डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार केले, त्यांना आश्रय देण्यास कडक मनाई केली, आणि हजारो कॅथलिक कुटुंबे मिस्सेवाचून राहिली. धर्मगुरू नाही म्हणून मिस्सा नाही, मिस्सा नाही म्हणून भाकर नाही, अशा त्या लोकांची वार्ता वाझांच्या कानी आली, आणि तेथे जाण्याचा त्यांचा निर्धार झाला.

१६८७ साली ते मजुरासारख्या फाटक्या वेषात जाफन्यास उतरले. प्रवासातच हगवणीने त्यांना जेरीस आणले होते आणि ओळख सांगण्याची सोय नव्हती, म्हणून भिक्षेकऱ्याच्या रूपाने दारोदार फिरत त्यांनी कॅथलिक घरे हुडकून काढली. दिवसा लपून राहावे, रात्री घराघरांत मिस्सा अर्पण करावी, आजाऱ्यांना साक्रामेंत, म्हणजे चर्चचे पवित्र संस्कार, द्यावे आणि उजाडण्यापूर्वी गाव सोडावे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. १६९२ साली ते अंतर्भागातील कँडीच्या स्वतंत्र राज्यात गेले, तेव्हा पोर्तुगीजांचे हेर म्हणून त्यांना कैद झाली. हळूहळू राजाचा इतबार बसला आणि त्यांची मोकळीक झाली. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. धनवान गाव सोडून गेले, रोग्यांना त्यांच्याच माणसांनी टाकून दिले. त्या वेळी वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो यांनी रोग्यांच्या फोडांना हात लावला, त्यांना अन्नपाणी दिले, मेलेल्यांना मूठमाती दिली. आणि रोगी कोणत्या धर्माचा हे त्यांनी पाहिले नाही. बौद्ध राजाने त्यांना राज्यात मोकळेपणाने काम करू दिले, त्यामागे या सेवेचा मोठा वाटा होता. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांनी देह ठेवला, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या समुद्रकाठच्या मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. ज्या हातांनी त्यांनी रात्री भाकर मोडली, त्याच हातांनी दिवसा देवीच्या रोग्यांची शुश्रूषा केली. मिस्सेसाठी जीव धोक्यात घालणे आणि रोग्यासाठी जीव धोक्यात घालणे या दोन्हींत त्यांना अंतर दिसले नाही.

गोव्याप्रमाणे मुंबईशीही या विषयाचा एक दुवा आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला, आणि त्याच्या आधारे मिस्सा लोकभाषांत होण्याचा मार्ग खुला झाला. वसईच्या कॅथलिकांना आपल्या वेदीवर मराठी ऐकू आली ती यानंतरच. त्यानंतर वर्षभराने, १९६४च्या अखेरीस, मुंबईत अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखरिस्त (म्हणजे मिस्सेतील प्रभुभोजन) परिषद भरली आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल २ ते ५ डिसेंबर या काळात भारतात आले. कोणत्याही पोपने भारतभूमीवर पाऊल ठेवण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. परतताना, मुंबईत आपण वापरलेली मोटार त्यांनी मदर तेरेसांना त्यांच्या कार्यासाठी दिली. मदरनी तिची सोडत काढली आणि आलेली रक्कम कुष्ठरोग्यांच्या वसाहतीच्या कामी लावली. वेदीच्या गौरवार्थ भरलेल्या उत्सवाची एक वस्तू अशा रीतीने समाजाने दूर सारलेल्या रोग्यांच्या उपयोगी पडली. मदर आपल्या नवशिक्या भगिनींना कालीघाटच्या निर्मल हृदयात पाठवताना सांगत की, सकाळच्या मिस्सेत धर्मगुरूंनी ख्रिस्ताच्या शरीराला ज्या हळुवारपणे स्पर्श केला, त्याच हळुवारपणे मरणासन्न माणसाच्या देहाला स्पर्श करा. क्रिसोस्टमच्या प्रवचनातील विचार येथे रुग्णाच्या खाटेपाशी रोजच्या कामाचा नियम बनलेला दिसतो.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो, आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. भुकेल्याला अन्न देणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणे हेच जर साध्य असेल, तर त्यासाठी वेदी, वस्त्रे, मेणबत्त्या आणि मंत्र यांची गरज काय? मिस्सेला न जाणारी माणसेही उत्तम सेवा करतात, आणि नित्य जाणारी अनेक माणसे शेजाऱ्याच्या दुःखाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. यातील वस्तुस्थिती नाकारता येत नाही, आणि ती नाकारण्याचे कारणही नाही. परंतु या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती ही की सेवा करणारा हा मुळात देणारा असतो. योहानाच्या वृत्तांतात पेत्राची अडचण नेमकी येथेच होती. गुरूचे पाय धुण्यास तो आनंदाने तयार झाला असता. आपले पाय गुरूने धुवावेत हे त्याला सोसवेना. स्वतः कोणाचे घेण्याची तयारी नसलेला माणूस जेव्हा दुसऱ्याला देऊ लागतो, तेव्हा त्याच्या दानात नकळत उंचीचा भाव येतो, आणि घेणाऱ्याला आपली मान खाली गेल्याचे शल्य राहते. मिस्सेत श्रीमंत आणि गरीब, विद्वान आणि निरक्षर, सेवा करणारा आणि सेवा घेणारा असे सगळे रिकामा हात पुढे करून रांगेत उभे राहतात, आणि प्रत्येकाच्या हातावर तेवढाच तुकडा पडतो. आपणही मुळात घेणारेच आहोत, ही शिकवण दर आठवड्याला देहाने गिरवल्यावाचून सेवेतला अहंकार जात नाही, असा कॅथलिक परंपरेचा अनुभव आहे, आणि सेवाकार्यांचा इतिहास पाहता तो मला खरा वाटतो.

त्या रात्री येशूने दोन आज्ञा दिल्या. भाकर आणि प्याल्याविषयी, आपल्या स्मरणार्थ हे करीत राहा, असे त्याने सांगितल्याचे लूक आणि पौल लिहितात; पाय धुतल्यावर, मी तुमच्यासाठी जे केले ते तुम्ही एकमेकांसाठी करा, असे त्याने सांगितल्याचे योहान लिहितो. पहिल्या आज्ञेचे पालन चर्चने दोन हजार वर्षे अखंड केले आहे. तिच्यासाठी ग्रंथ आहेत, नियम आहेत, पात्रे आहेत, अधिकारी आहेत, आणि जगाच्या कोठल्या ना कोठल्या भागात प्रत्येक तासाला मिस्सा चालू असते. दुसऱ्या आज्ञेला वर्षाकाठी एका संध्याकाळचा विधी तेवढा लाभला आहे. बाकीच्या साऱ्या दिवसांसाठी तिचा ग्रंथ नाही, तिची घंटा वाजत नाही, आणि ती पाळली गेली की नाही याची नोंद कोठल्याही दप्तरात होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे अंग पुसणारी सून, वॉर्डातील अनोळखी रोग्याचे भांडे उचलणारा सेवक, हेच तिचे खरे अधिकारी. पहिली आज्ञा दिली गेली ती दुसरीसाठी बळ मिळावे म्हणून, आणि दुसरी पाळली जाते तेव्हाच पहिलीचा अर्थ पुरा होतो. म्हणून कोणत्याही कॅथलिक मंडळीची उपासना कशी चालली आहे हे जाणून घ्यावयाचे असेल, तर तिची वेदी पाहावी, आणि त्याबरोबर तिच्या परिसरातील सर्वांत दुर्बळ माणसाला तिच्याविषयी काय वाटते, हेही अगत्याने विचारावे.